वस्तादपणाचा अधिकार

गुरुत्वाचा अधिकार कशावरून उत्पन्न होतो, हा प्रश्न आमच्याकडे फार जुना आहे; आणि त्याचें उत्तर प्रत्येक पिढीनें आपापल्या सोयीप्रमाणें दिलें आहे. कोणी तो वयावरून मानिला, कोणी जातीवरून, कोणी घराण्यावरून. केवळ विद्येवरून तो मानावा, असें तोंडानें सर्वच म्हणत आले. पण विद्या जेव्हां अनपेक्षित ठिकाणीं आढळली, तेव्हां तिच्यापुढें मान लवविण्यास कितीजण तयार झाले, ह्याचा हिशेब फारसा भूषणावह नाहीं. हा जुना प्रश्न अलीकडे एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत पुन्हां उभा राहिला आहे. तें क्षेत्र म्हणजे पुरुषांचा फुटबॉल, आणि तेथें प्रशिक्षकाच्या जागीं येऊं लागलेल्या स्त्रिया. खेळाची चर्चा वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, असें कांहीं वाचकांच्या मनांत येईल. परंतु जेथें वीस-पंचवीस तरुण पुरुषांनीं एका व्यक्तीचा शब्द रोज निमूटपणें मानावयाचा असतो, आणि ती व्यक्ति स्त्री असते, तेथें प्रश्न केवळ चेंडूचा राहत नाहीं.

प्रथम परदेशांतील हकीकत थोडक्यांत सांगतों. इटलींत १९९९ सालीं कॅरोलिना मोराचे ह्यांची व्हितेर्बेझे नांवाच्या तिसऱ्या श्रेणीच्या पुरुष संघावर नेमणूक झाली. दोन सामन्यांनंतर त्या बाहेर पडल्या. २०१४ सालीं फ्रान्समधील क्लेरमाँ ह्या दुसऱ्या श्रेणीच्या संघानें हेलेना कोस्टा ह्या पोर्तुगीज बाईंस मुख्य प्रशिक्षक नेमलें. जगभर गाजावाजा झाला, छायाचित्रें छापून आलीं. आणि एकही सामना होण्यापूर्वीं बाईंनीं पद सोडलें. खेळाडू घेण्यासारखे निर्णय आपणांस न विचारतां होतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या जागीं आलेल्या कोरीन दियाक्र मात्र तीन वर्षें टिकल्या. हाँगकाँगच्या चान युएन-टिंग ह्यांनीं २०१६ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, ईस्टर्न संघास तेथील अव्वल श्रेणीची स्पर्धा जिंकून दिली. पुरुषांच्या संघाकडून असा विजय मिळविणारी जगांतील ही पहिली स्त्री. जर्मनींत २०२३ च्या नोव्हेंबरांत मरी-लुईझे एटा युनियन बर्लिनच्या साहाय्यक प्रशिक्षक झाल्या, आणि २०२४ सालीं साब्रिना विटमन ह्यांच्याकडे इंगोलस्टाटच्या संघाची सूत्रें आलीं.

ह्या सर्वांत आम्हांस कोस्टाबाईंची हकीकत अधिक विचार करण्याजोगी वाटते. ती वाचतांना परक्या देशाची वाटतच नाहीं. आमच्याकडे ग्रामपंचायतींत स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या, तेव्हां कित्येक गांवीं सरपंचबाई खुर्चीवर आणि शिक्का पतिराजांच्या खिशांत, असा प्रकार आपण पाहिलाच आहे. पद देणें सोपें असतें. पदाबरोबर येणारी सत्ता देतांना हात आखडतो. क्लेरमाँच्या मंडळींना प्रशिक्षक हवी होती कीं वार्ता हवी होती, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण स्त्रीस केवळ शोभेसाठीं उंच जागीं बसविणें हा तिला खालीं ठेवण्याचाच एक सभ्य प्रकार आहे, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. फुटबॉलचें खरें वेड आपल्याकडे कोल्हापुरास. तेथले संघ क्लब म्हणून ओळखले जात नाहींत. ते तालमींचे संघ. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशीं त्यांचीं नांवें, आणि शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला म्हणजे पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. तालीम हा शब्दच पाहा. मुळांत त्याचा अर्थ शिक्षण; पुढें तो कुस्ती शिकण्याच्या जागेस लागला, आणि त्या जागेचा धनी तो वस्ताद. तांबड्या मातीचा हौदा, मारुतीची तसबीर, पहांटेचे जोर-बैठका, आणि ह्या सर्वांवर वस्तादाची नजर. स्त्रीनें त्या हौद्यांत पाऊल टाकूं नये, हा जुना संकेत. आतां त्याच जिल्ह्यांतल्या मुली कुस्ती खेळतात, हें खरें; तरी वस्ताद म्हटला कीं डोळ्यांपुढें मिशीच येते. कुस्तीच्या तालमीनें फुटबॉल आपलासा केला, तेव्हां खेळाबरोबर गुरूची ही मूर्तिही तिनें जशीच्या तशी उचलली.

आणि मौज अशी कीं, ह्याच जिल्ह्यांतल्या गडहिंग्लज तालुक्यानें देशास अंजू तुरंबेकर दिल्या. आशियाई महासंघाचा ‘ए’ परवाना मिळविलेल्या ह्या बाईंनीं अखिल भारतीय फुटबॉल महासंघांत लहान मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचा विभाग सांभाळला, आणि पुढें गोव्याच्या धेंपो क्लबाच्या युवा विभागाचें प्रमुखपद घेतलें. म्हणजे ज्या मातीनें वस्ताद हा शब्द केवळ पुल्लिंगी मानिला, तिच्याच लेकीनें तो मुकाट्यानें उभयलिंगी करून टाकला. व्याकरणकारांनीं तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं.

स्त्री-प्रशिक्षकाविरुद्ध एक आक्षेप नेहमीं पुढें केला जातो. ज्यानें पुरुषांच्या अव्वल सामन्याचा वेग आणि धक्का स्वतःच्या अंगावर घेतला नाहीं, त्यानें तो दुसऱ्यास काय शिकवावा? आक्षेप ऐकण्यास सयुक्तिक वाटतो. पण तो सर्वांस सारखा लावला पाहिजे. इटलीचे आरिगो साक्की धंदेवाईक फुटबॉल कधींच खेळले नव्हते. त्यांनीं मिलानच्या संघास १९८९ व १९९० अशीं लागोपाठ दोन वर्षें युरोपचा चषक मिळवून दिला, आणि त्यांच्या बुद्धीचें कौतुक करतांना कोणाचीही जीभ अडखळली नाहीं. न खेळलेला पुरुष शिकवूं शकतो, पण आपल्या देशाकडून शंभराहून अधिक सामने खेळलेली दियाक्र शिकवूं शकेल कीं नाहीं ह्याची शंका येते. तर मग आक्षेप अनुभवाचा नव्हे, हें उघड आहे.

परंतु ह्या बाबतींत आम्हांस इटलीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. मुंबईंत अन्नपूर्णादेवी राहत असत. सूरबहार हें त्यांचें वाद्य. त्यांच्यापाशीं निखिल बॅनर्जी सतार शिकले, आणि हरिप्रसाद चौरसिया बांसरी शिकले. बांसरी त्या वाजवीत नसत. ओठांनीं फुंकर कशी घालावी, हें त्यांनीं चौरसियांस दाखविलें नसेल. पण राग कसा उलगडावा, कोठें थांबावें, कोणता मोह टाळावा, हें त्यांनीं शिकविलें, आणि तेवढ्यासाठीं, आधींच नांवारूपास आलेला एक पुरुष कलावंत त्यांच्या दाराशीं पुन्हां विद्यार्थी होऊन गेला. शिष्याचें काम शिष्याहून चांगलें करून दाखविणें हें गुरूचें लक्षण नव्हे. शिष्यास स्वतःचें जें दिसत नाहीं, तें पाहणें हें गुरूचें लक्षण. मैदानाच्या कडेला उभी राहिलेली व्यक्ति दुसरें काय करीत असते? बचावाची फळी कोठें फाटते, थकलेला खेळाडू थकवा कसा लपवितो, अठरा वर्षांचा मुलगा भीतीनें चेंडू लवकर सोडतो कीं अज्ञानानें, हें ओळखण्यास पुरुषाचीच मांडी लागते असें नाहीं.

मग अडतें कोठें? आमच्या मतें इतिहासांत त्याचें उत्तर सांपडतें. स्त्रियांना आपल्या समाजानें जीं जीं क्षेत्रें उघडीं केलीं, तीं बहुतेक एका अटीवर केलीं: स्त्रीनें स्त्रियांचें काम पाहावें. सावित्रीबाई फुले शिक्षिका झाल्या त्या मुलींच्या शाळेंत. आमच्या शेजारच्या कल्याणांत जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां हिंदु स्त्रियांस स्त्री-वैद्याची निकड आहे, हेंच कारण त्यांनीं सेरामपूरच्या सभेंत पुढें मांडलें. त्या काळीं दुसरें कारण सांगून चाललेंही नसतें. दार जेवढें उघडेल तेवढ्यांतूनच आंत शिरावें लागतें. पण त्या अटीची छाया अद्याप गेलेली नाहीं. गोव्याच्या मेमॉल रॉकी २०१७ सालीं भारताच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्या पदावरील पहिली स्त्री, पण संघ स्त्रियांचा. नाशिकच्या शैलजा जैन ह्यांनीं २०१८ च्या आशियाई खेळांत इराणच्या कबड्डी संघास सुवर्णपदक मिळवून दिलें, तेंही अंतिम सामन्यांत भारतासच २७–२४ असें हरवून. परकी भाषा, परका देश, आणि आपलाच खेळ त्यांना शिकवून आपणांस नमविणें, हा केवढा पराक्रम! पण तोही संघ स्त्रियांचाच. आंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या वाचकांस हें समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. बायकांचा डबा निराळा असतो. त्यांत सोय आहे, संरक्षण आहे, आणि गर्दींत तो नसता तर अनेकींना नोकरी करतां आली नसती. मात्र निराळ्या डब्याची संवय इतकी होते कीं, गाडी चालविणारी स्त्री असूं शकते, हें लक्षांत येण्यास वेळ लागतो. सुरेखा यादव कित्येक वर्षें ती चालवीत होत्या.

मोहन्याच्या रेयॉन कारखान्यांत हयात घालविलेले आंबिवलीचे एक वृद्ध गृहस्थ आमच्याशीं ह्या विषयावर बोलत होते. ते म्हणाले, “बाई शिकवील हो, चांगलं शिकवील. पण पोरांवर ओरडेल कशी? आणि ओरडली, तर पोरं हसतील.” आम्हांस हा आक्षेप मागील आक्षेपाहून पुष्कळ प्रामाणिक वाटला. स्त्रीस कळत नाहीं, असें त्यांचें म्हणणें नव्हतें. पुरुष तिचें ऐकणार नाहींत, असें होतें. दोष कोठें आहे, तें त्यांच्या वाक्यांतच स्पष्ट आहे. हसणारीं पोरें आपलीं आहेत.

येथें पंच आणि प्रशिक्षक ह्यांच्यांतला एक भेद पाहण्यासारखा आहे. २०२२ सालीं कतारच्या विश्वचषकांत स्तेफनी फ्रापार ह्यांनीं जर्मनी व कोस्टारिका ह्यांचा सामना पंच म्हणून चालविला. पुरुष खेळाडूंनीं त्यांची शिटी मानली. परंतु पंचाच्या पाठीशीं नियमांचें पुस्तक असतें. नव्वद मिनिटें संपलीं कीं तिची सत्ता संपते, आणि खेळाडू मानतो तो नियमास. प्रशिक्षकाच्या पाठीशीं असें पुस्तक नसतें. आज तुला बसवितें, असें ज्याला सांगितलें, त्यानें उद्यां सकाळीं पुन्हां तिच्याचपुढें धांवावयाचें असतें, तेंही मनापासून. ही आज्ञा नियमाची नव्हे, व्यक्तीची असते. आणि व्यक्तीची आज्ञा मानण्यांत जो कांहीं अहंकार सोडावा लागतो, तो पुरुषासमोर सोडतांना आपणांस शिस्त वाटते, आणि स्त्रीसमोर सोडतांना अपमान. वास्तविक हेच पुरुष लहानपणीं आईच्या शब्दावर उठले-बसले, शाळेंत बाईंच्या छडीस भ्याले. त्या आज्ञा मात्र त्यांच्या पौरुषास डंसल्या नाहींत.

कपडे बदलण्याच्या खोलीचा प्रश्न काढणारेही पुष्कळ भेटतात. तो व्यवस्थेचा प्रश्न आहे, तत्त्वाचा नव्हे. मुलींच्या संघांवर आजवर बहुधा पुरुषच नेमले गेले, तेव्हां ही नाजूक शंका क्वचितच कोणाच्या मनांत आली. आणि तेथें धोका खरा होता. २०२२ सालीं भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाच्या एका पुरुष साहाय्यक प्रशिक्षकास परदेशच्या दौऱ्यावरील गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकावें लागलें. ह्याहून अधिक त्याविषयीं लिहिण्याची इच्छा नाहीं.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूच्या लोकांसही सुनावली पाहिजे. स्त्री पुरुषांच्या संघाकडे गेली म्हणजे ती वर चढली, असें आपण सहज लिहून जातों. २०२१ सालीं एम्मा हेज ह्या चेल्सीच्या स्त्री-संघाच्या प्रशिक्षक असतांना, इंग्लंडांतल्या तिसऱ्या श्रेणीच्या एका पुरुष संघाकडे त्या जाणार अशी वार्ता उठली. बाईंना ती बढती वाटली नाहीं. जगांतल्या उत्तम खेळाडूंना आपण शिकवितों, त्यांच्याहून त्या संघाकडे जाणें ही वरची पायरी कशी मानतां, असा त्यांचा रोख होता. २०२४ सालीं त्यांच्या हाताखालीं अमेरिकेच्या स्त्रियांनीं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. दार उघडें असावें, हें आमचें मागणें. त्या दारांतून गेल्यावांचून स्त्रीची योग्यता सिद्ध होत नाहीं, असें म्हणणें हा निराळाच मासला आहे, आणि त्यांत जुनीच उतरंड नव्या नांवानें परत येते.

चानबाईंच्या संघास २०१७ सालीं आशियाई स्पर्धेच्या एका सामन्यांत चीनच्या ग्वांगझौ एव्हरग्रँडनें ७–० असें धुवून काढलें. प्रतिस्पर्धी अनेक पटींनीं श्रीमंत आणि बलाढ्य होता. पुरुष प्रशिक्षक असता तरी निकाल फार निराळा लागता असें वाटत नाहीं. पुरुषाचा संघ सात गोलांनीं हरतो तेव्हां तो माणूस हरतो, फार तर त्याची नोकरी जाते. स्त्रीचा संघ हरला कीं, बघा, आम्ही म्हणत होतों, असें म्हणणारे शंभरजण उठतात, आणि तिच्यामागून येणाऱ्या दहाजणींच्या अर्जांवर त्या सात गोलांची सांवली पडते. सुमार दर्जाच्या पुरुष प्रशिक्षकांनीं सर्व देशांत सुखानें जन्म काढले आहेत. स्त्रीस ती मुभा मिळेपर्यंत अजून किती हंगाम जातील, कोण जाणे.

आपल्याकडे ह्या गोष्टीची कसोटी फार करून मोठ्या मैदानावर लागणारच नाहीं. ‘डी’ परवान्यापासून ‘ए’ पर्यंतच्या पायऱ्या चढण्यास पैसा लागतो, सुट्टी लागते, घरचा पाठिंबा लागतो; तरी मुली त्या चढूं लागल्या आहेत. त्यांना काम मिळतें तें आठ-दहा वर्षांच्या मुलांस शिकविण्याचें, आणि त्यास कोणाचीच हरकत नसते. लहान मुलांस बाई शिकविते, हें सर्वांच्या अंगवळणीं पडलें आहे. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला, आवाज फुटला, कीं त्याला बाईंकडून काढून सरांच्या हाताखालीं देतात. बाईंना कांहीं कमी येतें म्हणून नव्हे, तर आतां तो मोठा झाला म्हणून. त्याला चेंडू कसा मारावा हें शिकविणारी ज्या दिवशीं बदलते, त्या दिवशीं तो आणखीही कांहीं शिकतो. आणि तें त्याला कोणी तोंडानें सांगितलेलें नसतें.