प्रचीतीची वेळ

ईश्वर सर्वत्र आणि सर्वकाळ आहे असे एकदा मानल्यावर त्याची प्रचीती मात्र सर्वकाळ का येत नाही, हा प्रश्न भाविकाला छळीत आला आहे; आणि कोल्हापूरलगतच्या उचगावात रेडिओला लांब तार जोडून लघुलहरींवर दूरदेशची केंद्रे धुंडाळताना या प्रश्नावर जेवढा प्रकाश पडला, तेवढा मला अनेक प्रवचनांतूनही लाभला नाही.

भर दुपारी १६ किंवा १९ मीटरवर हजारो मैलांवरचा निवेदक स्वच्छ ऐकू येतो, आणि त्याच घटकेला काटा ४९ मीटरवर नेला तर नुसती खरखर कानी पडते. दिवेलागण झाली की हा सारा कारभार पालटतो, ४१ आणि ४९ मीटरचे पट्टे गजबजून जातात, आणि रात्र चढेल तसतसा १६ मीटरचा पट्टा बहुधा ओस पडतो. याचे कारण वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित भागात, म्हणजे आयनांबरात, आहे. साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांमुळे जो थर सिद्ध होतो, तो दिवसा ४९ मीटरसारख्या लांब लहरींचे शोषण करतो; सूर्यास्तानंतर तो विरतो, आणि त्या लहरी २०० किलोमीटरांहून उंच असलेल्या थरावरून परावर्तित होऊन दूरवर उतरतात. परंतु हा वरचा थरही सूर्याचीच निर्मिती असल्यामुळे रात्री तो क्षीण होतो, आणि आखूड लहरी त्याला भेदून अंतराळात निघून जातात.

म्हणजे जो सूर्य एक वाट बंद करतो, तोच त्याच वेळी दुसरी खुली ठेवतो. मनुष्याच्या अंतर्जीवनातही मला हाच क्रम दिसतो. उमेदीच्या काळात ज्याला कर्मातूनच ईश्वर भेटतो, त्याला आजारपणाच्या दीर्घ रात्री ते कर्म मुके वाटू लागते, आणि बाळपणी आजीच्या मांडीवर शिकलेले नाम आपण होऊन ओठांवर येते. अशा वेळी जुन्याच साधनाला हट्टाने चिकटून राहून ईश्वराने पाठ फिरविली अशी फिर्याद करणे, हे दुपारी ४९ मीटरवर कान लावून केंद्र बंद पडल्याचा फैसला देण्यासारखे आहे.

तथापि वेळेचे महत्त्व मानले म्हणून प्रयत्नातून सुटका होत नाही. करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, महालक्ष्मीचा किरणोत्सव पाहावा. मावळतीचा सूर्य नित्य आहे. पण परंपरेने जानेवारीअखेर आणि नोव्हेंबरात, मोजक्याच दिवशी, त्याचे किरण गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात, आणि वाटेत एखादी इमारत वा ढग आला तर तेही चुकतात. ढगावर आपला अंमल नाही, इमारतीवर आहे. आणि अडथळा दूर करण्याइतकीच आपल्या हाती असते ती आधीची तयारी. १९४२ च्या ऑगस्टात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्तपणे ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला, आणि नोव्हेंबरात सरकारने तो पकडेपर्यंत त्याची जागा वरचेवर बदलत राहिली. तो ऐकू इच्छिणाऱ्याने आवाज येण्यापूर्वीच नेमक्या वेळी, नेमक्या मीटरवर, सावधपणे बसावयाचे असे. ऐकण्याआधीची ही सिद्धता, हेच मी श्रद्धेचे खरे स्वरूप समजतो.

या दृष्टान्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. रेडिओवर ऐकलेली बातमी शेजाऱ्याच्या यंत्रावर पडताळून पाहता येते. अंतरीच्या प्रचीतीला तशी साक्ष मिळत नाही. म्हणून ज्याला ती आली त्याने इतरांवर हुकूम चालवू नये, आणि ज्याला आली नाही त्याने स्वतःला टाकलेला समजू नये. प्रचीतीचा अभाव हा ईश्वराविरुद्धचा पुरावा नव्हे, तशीच तिची प्राप्ती हा आपल्या थोरवीचा दाखला नव्हे. काळ ओळखून साधन बदलावे, वाटेतला स्वनिर्मित अडथळा दूर करावा, आणि काही ऐकू येवो न येवो, ऐकण्याचा नेम मोडू नये, एवढेच माणसाच्या अखत्यारीत आहे. आणि धर्माने माणसाकडे याहून अधिक मागू नये, असे माझे प्रांजळ मत आहे.