फवारणी आणि प्रमाद

कीटकनाशकांच्या सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण हा सामान्यतः कृषिविस्ताराचा विषय मानला जातो; परंतु ज्याला विषाची माहिती दिली त्याच्याकडे त्या विषाच्या परिणामांचा दोष किती जातो, हा प्रश्न नीतिशास्त्राचा असून जैन चिंतनात त्याचा बारकाईने विचार झालेला आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’नुसार केवळ प्राणघात म्हणजे हिंसा नव्हे, तो प्रमादातून, म्हणजे विकारवश व बेसावध प्रवृत्तीतून, घडलेला असावा लागतो. म्हणूनच मुनींसाठी सांगितलेल्या पाच समित्यांत, म्हणजे दक्षतेच्या नियमांत, वस्तू पाहून उचलण्या-ठेवण्याची आदाननिक्षेपण समिती आणि टाकाऊ द्रव्य जीवरहित जागी टाकण्याची उत्सर्ग समिती येते. द्रावण काठीने ढवळावे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नये, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये, रिकामा डबा घरात वापरू नये, ही प्रशिक्षणातील सूत्रे त्याच घडणीची वाटतात. साम्य अर्थात वरवरचे आहे, कारण मुनीची दक्षता इतर जिवांसाठी असते, तर फवारणाऱ्याला किडीचा घात करायचाच असतो आणि दक्षता मुख्यतः स्वतःच्या देहापुरती शिकवली जाते.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीला भिडली होती, त्यामुळे फवारा चेहऱ्यावर आणि छातीवर येत होता. प्रोफेनोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातील द्रव्ये भिजलेल्या कपड्यांतून त्वचेत मुरतात आणि मज्जासंस्थेतील कोलिनएस्टरेज हे विकर निकामी करतात, मग बाहुल्या आकसतात, लाळ सुटते, श्वास कोंडतो. हातमोजे व मुखपट्टी न वापरल्याचा ठपका तेव्हा मजुरांवर सहज ठेवला गेला.

हा ठपका जैन विश्लेषणासमोर टिकत नाही. तेथे कर्म कृत, कारित आणि अनुमोदित अशा तीन प्रकारे घडते. स्वतः करणारा, करवून घेणारा आणि संमती देणारा, तिघेही त्याचे वाटेकरी असतात. प्रशिक्षण जवळजवळ पूर्णपणे पहिल्याला उद्देशून असते. दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याचा सल्ला देणारा दुकानदार आणि पंपामागे मजुरी ठरवून घाई लावणारा मालक हे कारिताच्या कक्षेत येतात, पण वर्गात त्यांना क्वचितच बसवले जाते. श्रावकाला वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत, म्हणजे विशेष पापजनक व्यवसायांत, विषवाणिज्याची गणना होते, यावरून विक्रेत्याच्या दोषाकडे परंपरेने किती गांभीर्याने पाहिले ते दिसते.

अधिक कठीण प्रसंग प्रशिक्षित मजुराचा आहे. डब्यावरच्या चौकोनातील लाल त्रिकोण म्हणजे सर्वाधिक विषारी वर्ग हे त्याला ठाऊक असते, परंतु दमट उकाड्यात अंगभर संरक्षक पोशाख चढवून दिवसभर काम होत नाही आणि काम नाकारले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. धोका पूर्णपणे ओळखून पंप पाठीवर घेणाऱ्या या माणसाला बेसावध म्हणता येत नाही. त्यामुळे प्रमाद शोधायचा तर तो, पोशाख न देता त्याच्या नावापुढे ‘प्रशिक्षित’ अशी नोंद करून मोकळे होणाऱ्यांकडे शोधावा लागतो.