उचल

कसाऱ्यात मी अकरावी-बारावी कॉमर्सची शिकवणी घेतो. पोरं आकड्यांना घाबरत नाहीत, शब्दांना घाबरतात. तेरीज, ख्याती, घसारा, बुडीत व संशयित कर्ज निधी. पाठांतराने यातली बरीचशी भीती जाते. घोटाळा होतो तो ‘उचल’पाशी, कारण हा शब्द ती घरूनच शिकून आलेली असतात.

पुस्तपालनात उचल म्हणजे मालकाने धंद्यातून स्वतःसाठी काढलेला पैसा किंवा माल. इकडे शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर उचल म्हणजे हाताला काम नसताना वीटभट्टीवाल्याकडून घेतलेली रक्कम. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भट्टीवर राबून ती फेडतं. अशाच एका घरातल्या मुलीने ताळेबंदात उचल सरळ देण्यांमध्ये मांडली. उत्तरसूचीप्रमाणे चूक, उचल भांडवलातून वजा करतात. तिच्या घरच्या बाजूने पाहिलं तर अगदी बरोबर.

तिला हे समजावत होतो, तर ती म्हणाली, “सर, बापाची उचल पोरांना फेडायला लागते, ते पितृऋणच ना?”

तैत्तिरीय संहितेप्रमाणे ब्राह्मण तीन ऋणं घेऊनच जन्मतो: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. (मूळ वचनात ब्राह्मणच आहे, आपण ते पुढे सगळ्यांच्या माथी मारलं.) ती फिटतात अध्ययनाने, यज्ञाने आणि संततीने. म्हणजे पितरांचं देणं परत पितरांकडे जातच नाही, ते पुढच्या पिढीला मिळतं. त्यात मुद्दल नाही, व्याज नाही, तगाद्याला दारात कोणी उभं राहत नाही. भट्टीचं नेमकं उलटं. तिथे धनको ठरलेला आणि वही एकट्या त्याच्याकडे. पाचोलीने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेली द्विनोंदी पद्धत मागते एवढंच, की नावे पडलेल्या प्रत्येक रकमेला कुठेतरी जमा हवी. पाडलेल्या विटांची जमा मजुराला कोण दाखवतं? ‘माणूस जन्मतःच ऋणी’ हे धनकोच्या तोंडून ऐकलं की मला त्यात वसुलीचा वास येतो.

तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे पोरांना ठाऊक असतं. त्यातला हिशेबी भाग सहसा सांगितला जात नाही. परंपरेप्रमाणे त्यांनी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची निम्मी खतं त्याला दिली आणि बुडवली ती फक्त आपली. वैराग्यातही वाटणी चोख!

वेठबिगार निर्मूलनाच्या १९७६च्या कायद्याने ही गोष्ट धनकोच्या मर्जीवर ठेवली नाही. उचलीपायी वेठीला धरून राबवलं असेल, तर ते कर्जच संपलं. बापाला फेडायला नको, पोरांनाही नको. हे मी तिला सांगितलं.

“मग भट्टीवाल्याच्या पुस्तकात ते कसं लिहायचं?”

“बुडीत कर्ज खाते नावे,” मी म्हटलं. “जमा तुझ्या बाबांच्या खात्याला.”