अखोर : आशेचे द्वार



पवित्र शास्त्रातील स्थळनामे आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो. परंतु इब्री ऐकणाऱ्यास त्या नावांतून अर्थही ऐकू येत असे. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. बेथेल म्हणजे देवाचे घर. याकोबाला जेथे दर्शन घडले त्या लूजाचे नाव बदलून बेथेल झाले. पण एका खोऱ्याचे दुःखद नाव देवाने तसेच राहू दिले. ते अखोर होय.

यहोशवाचा ७ वा अध्याय पाहा. यरीहोच्या समर्पित लुटीतून आखानाने एक शिनारी झगा, २०० शेकेल रुपे व ५० शेकेल वजनाची सोन्याची वीट चोरून आपल्या डेऱ्यात पुरली. पुढे आय नगरापाशी इस्राएलाचा पराभव झाला व सुमारे ३६ माणसे पडली. 'आखार' ह्या इब्री क्रियापदाचा अर्थ अरिष्ट आणणे. आखानाला न्याय सांगताना यहोशवा हेच क्रियापद दोनदा उच्चारतो आणि त्यावरूनच त्या खोऱ्याला नाव पडते. अशा प्रकारे वचनदत्त देशाच्या उंबरठ्यावरच धोंड्यांची एक रास उभी राहिली.

पुढे इ. स. पूर्व ८ व्या शतकात होशेय संदेष्टा बोलू लागला. अविश्वासू पत्नीप्रमाणे वागलेल्या आपल्या प्रजेला देव पुन्हा अरण्यात नेणार, तिच्या मनाला धीर देणार आणि अखोराचे खोरे आशेचे द्वार करणार, असे अभिवचन त्याने दिले (होशेय २:१४-१५). येथे आशेसाठी 'तिक्वा' हा शब्द आहे. यहोशवाच्या २ ऱ्या अध्यायात राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठीही हाच शब्द येतो. मराठीत एके ठिकाणी 'दोरी' व दुसरीकडे 'आशा' असे लिहावे लागते. म्हणून हे नाते भाषांतरात झाकले जाते. यहूदा वंशातला आखान नाश पावला, तर यरीहोची परकी राहाब त्या दोरीच्या खुणेने वाचली आणि प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव आले (मत्तय १:५).

वाचकहो, आपल्या आयुष्यातही एखादे अखोर असते. एखादे पाप, घराण्याला लागलेला एखादा डाग, ज्याचे नाव घरात कोणी काढीत नाही. ते पुसले जावे अशी आपण प्रार्थना करतो. पण होशेयाचा देव त्या खोऱ्याला वळसा घालीत नाही. तो आपल्या लोकांना त्याच वाटेने आत आणतो, आणि यशयाच्या म्हणण्याप्रमाणे तेथे गुरांना विसाव्याची जागा देतो (यशया ६५:१०).

म्हणून डेऱ्यात जे पुरले असेल ते आजच त्याच्यापुढे उघड करा. नाव तेच राहील. पण त्या खोऱ्यात द्वार उघडणारा प्रभू विश्वासू आहे. आमेन.