वाकडं पेडल

स्पिटफायर विमानाचे पंख ३६ फूट १० इंचांचे. माझ्या १/३२ मापाच्या मॉडेलात जेमतेम ३५ सेंटिमीटर. परवा कॉकपिटातलं रेझिनचं पेडल वाकडं चिकटलं. रेझिनला साधा प्लॅस्टिकचा गोंद चालत नाही, सुपरग्लूच लागतो. आणि सुपरग्लूला पश्चात्ताप मंजूर नसतो.

"विमानाचं पोट मिटलं की कोण बघतंय?" सौ. म्हणाली.

मुद्दा बिनतोड! बँकेत कॅशमध्ये दहा रुपये जमेनात म्हणून मी रात्री आठपर्यंत बसलोय. पण तिथे ऑडिटर असतो. इथे कोण? मी पोट मिटलं.

आता पाहुणे वाकून बघतात, "हुबेहूब!" म्हणतात. मी हसून मान डोलावतो, आणि दर वेळी माझा हिशेब एका पेडलाने चुकतो.