खुंट्याला दुसरा हात



संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपल्या घरोघरी भोगीची भाजी होते. कित्येक ठिकाणी तिला लेकुरवाळी भाजी म्हणतात. वांगे, गाजर, घेवडा, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे, बोरे अशी सारी लेकरे एका पातेल्यात घेऊन बसलेली, म्हणून लेकुरवाळी. आपला पांडुरंगही लेकुरवाळाच. तेव्हा कीर्तनकाराला ही भाजी म्हणजे आयता दृष्टांत. अठरापगड जाती एका वाळवंटात, तशा साऱ्या भाज्या एका पातेल्यात, असे म्हटले की टाळी पडते. दृष्टांत खोटा नाही. पण तो ऐकवला जातो तेव्हा भाजी शिजवणारी माऊली मंडपात नसते, हे आपण कधी पाहिले आहे का?

घशाने साथ सोडल्यामुळे माझे कीर्तन थांबले त्याला काही वर्षे झाली. इकडे घरातल्या सौभाग्यवतींची नजर मंदावली, म्हणून निवडण्या-सोलण्याचे काम माझ्याकडे आले. त्यामुळे ही भाजी आता मी पोथीसारखी ओळीने वाचू शकतो. शिजायला ती फार वेळ घेत नाही, वेळ जातो तो आधी. हरभऱ्याचे घाटे टोपलीभर सोलावे तेव्हा वाटीत काहीतरी दिसते, आणि घाट्यांवरची आंब लागून नखांच्या कडा चुरचुरत राहतात. घेवड्याच्या दोन्ही अंगांच्या शिरा ओढाव्या लागतात. एक राहिली तर ती नेमकी पाहुण्याच्या दातात अडकते. वांगी चिरताच काळी पडतात, म्हणून मिठाच्या पाण्यात टाकायची. शेंगदाणे आधीच भिजवलेले हवेत. तीळ भाजून कुटायचे, आणि ते भाजताना कढईपुढून हलायचे नाही, कारण तीळ क्षणात करपतात. फोडणीत पावटे आणि शेंगदाणे आधी, मग हरभरा, गाजर, घेवडा, वांगी त्यानंतर, बोरे अगदी शेवटी. वांगी आधी पडली तर त्यांचा लगदा होतो आणि पावटा कच्चाच राहतो. मग गूळ, चिंचेचा कोळ, गोडा मसाला, तिळाचे कूट. नैवेद्याची म्हणून आमच्याकडे कांदा-लसूण नाही. शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा.

आणि हे सगळे चाखून न पाहता. देवाला दाखवायच्या आधी उष्टे करायचे नाही, म्हणून मीठ केवळ हाताच्या अंदाजाने पडते. ज्या कामाची चव आपण घ्यायची नाही ते चोख करायचे, हा कर्मयोग आम्ही गीतेच्या आधाराने तासभर सांगतो; चुलीपुढे तो चिमटीत मावतो. मीठ बरोबर पडले तर पंगतीत कोणी काही बोलत नाही. कमी पडले तर पहिल्याच घासाला चार जणांच्या लक्षात येते.

आता प्रश्न असा. स्वयंपाक ही भक्ती आहे का? आपल्यापैकी कोणीही हो म्हणेल, मीही म्हणतो. पण हे वाक्य कोणी, कोणाला आणि कुठे बसून म्हणावे?

सप्ताहाचे उदाहरण घ्या. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. या प्रत्येकाच्या मागे एक चूल पेटलेली असते. मंडपाच्या मागच्या बाजूला विळीवर बसलेल्या बायकांना कीर्तन कर्ण्यावरून ऐकू येते, तेही भाकऱ्या थापण्याच्या आवाजातून तुटक तुटक. वारीतही तेच. दिंडीचा सामानाचा ट्रक पुढच्या मुक्कामी निघतो, त्याबरोबर स्वयंपाकाची मंडळी जातात. वाटेतले भजन त्यांच्या वाट्याला येत नाही, रिंगणही पुष्कळदा चुकते. कोणी हळहळले की पटकन उत्तर मिळते, ‘मावशी, तुमची सेवा हीच तुमची भक्ती.’ हे उत्तर देणारा बहुधा हात धुऊन पानावर बसलेला असतो.

आपल्या संतांकडे पाहा. अरणचे सावतोबा पंढरीला न जाता मळ्यात रमले आणि भाजीपाल्यात त्यांना विठ्ठल दिसला. तो मळा त्यांचा स्वतःचा होता, खुरपे त्यांच्या हातात होते. गोरोबाकाकांनी माती तुडवली ती स्वतःच्या पायांनी. कामात देव आहे हे प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी जाणले. दुसऱ्याच्या डोक्यावर हारा चढवून ‘यातच तुझा देव पाहा’ असे सांगणारा संत मला तरी आपल्या परंपरेत भेटला नाही.

जनाबाईंची गोष्ट तर याहून पुढची आहे. गोपाळपुरात त्यांचे म्हणून जे जाते दाखवतात, ते आपण पाहिले असेल. जनाबाई दळत असता देव आला, असे परंपरा सांगते. ‘जने, तुझे दळण हेच माझे भजन’ असा उपदेश त्याला करता आला असता, आणि तो खराही ठरला असता. देव खाली बसला आणि दळू लागला. दळणाऱ्यांना ठाऊक असते की समोरासमोर बसून दोघींनी एकच खुंटा धरला की जाते हलके होते. पैठणला नाथांच्या घरीही तो श्रीखंड्या होऊन पाणी भरत राहिला. आपला देव असा कामाला हात लावणारा आहे.

नाथांचे नाव निघाले म्हणून आणखी एक. श्राद्धासाठी केलेले अन्न त्यांनी दारी आलेल्या भुकेल्यांना घातले, हा प्रसंग आम्ही कीर्तनकार मोठ्या रसाने रंगवतो. नाथांची करुणा, ब्राह्मणांचा कोप, मग पितरांचे येणे. या सगळ्यात ‘गिरिजाबाईंनी पुन्हा स्वयंपाक केला’ हे एक वाक्य असते, आणि ते श्वास घ्यायच्या आत संपते. पुन्हा स्वयंपाक म्हणजे श्राद्धाचा सगळा स्वयंपाक, सोवळ्यात, दुसऱ्यांदा चूल सारवून! नाथांच्या दयेला त्या दुसऱ्या चुलीवाचून पूर्णता आली असती का? तरुण कीर्तनकारांना माझी विनंती आहे की त्या वाक्यापाशी थोडे थांबावे. मृदंगवाल्यालाही विसावा मिळेल.

कोणी म्हणेल, महाराज, सगळेच विळीवर बसले तर टाळ कोण वाजवणार? शंका रास्त आहे. विणा खाली ठेवता येत नाही हे मला ठाऊक आहे, आणि पाचशे पानांचा स्वयंपाक हौशी हातांनी होत नाही हेही. वाकबगार हात चुलीपाशी लागणारच. पण निवडणे, सोलणे, चिरणे, पाणी आणणे, पातेली घासणे यांना कोणती सिद्धी लागते? विणा जशी पहाऱ्याने हातोहात फिरते, तसा विळीचाही पहारा का लावू नये? दुपारी पारायण आणि हरिपाठ यांच्यामध्ये मंडपात दीड-दोन तास माणसे लवंडलेली असतात. त्या वेळी टोपल्या मंडपातच आणाव्या, टाळकऱ्यांनी गोल करून बसावे, नामही चालू राहील. रात्री कीर्तन सुरू व्हायच्या आत भांडी पुरुषांनी ताब्यात घ्यावी. त्या बायका पुढे येऊन बसतील आणि बुवांचे तोंड पाहतील.

येत्या भोगीला घरापासूनच सुरू करता येईल. घाट्यांची टोपली आदल्या रात्री घ्या, म्हणजे सकाळची घाई होत नाही. चष्मा लावून बसा, कारण एखाद्या घाट्यात अळी असते. बोटे चुरचुरतील, सोलून झाल्यावर थोडे खोबरेल चोळा. आणि भाजी पानात आल्यावर मीठ थोडे कमी वाटले, तर उठून स्वतः घ्यावे. मिठाची बरणी कुठल्या फडताळात असते, हे तेवढे आधी पाहून ठेवा.