फुलाला नाव कोणाचे?

आदामाने प्राण्यांना नावे दिली, हा उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील भाग रविवार शाळेत आपण झटकन उरकतो. नाव देणे हा अधिकार की जबाबदारी, असे मुलांना विचारीत नाही. दक्षिण आफ्रिकेतील रानफुलांची शास्त्रीय नावे पाहिली म्हणजे तो प्रश्न टाळता येत नाही.

काही नावे निरुपद्रवी आहेत. 'पेलार्गोनियम'चे फळ करकोच्याच्या चोचीसारखे, म्हणून ते नाव. नाना रूपे घेणाऱ्या 'प्रोटिया'ला लिनियसने प्रोटियस या रूप पालटणाऱ्या ग्रीक सागरदेवतेचे नाव दिले. निळ्या 'आगापँथस'मध्ये तर पौलाच्या पत्रांतला प्रीतीचा शब्द, आगापे, बसला आहे!

'क्लिव्हिया'पाशी मात्र थांबावे लागते. जॉन लिंडले यांनी १८२८ मध्ये हे नाव नॉर्थंबरलंडच्या डचेसच्या सन्मानार्थ दिले. ही बाई प्लासीच्या रॉबर्ट क्लाइव्हची नात. तिचे वडील मद्रासचे गव्हर्नर असताना १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले. इंग्लंडात ते फूल तिच्या बागेत उमलले, एवढाच काय तो संबंध. झुलू लोक याच कुळातील एका फुलाला 'उमायिमे' म्हणतात. पण ते पडले रानातले लोक, त्यांना कोण विचारतो?

आणखी एक नाव याहून बोचरे होते. आपल्या पांगाऱ्याच्या जातीचे तिकडचे एक झाड 'एरिथ्रिना काफ्रा'. हा शब्द 'काफिर' या अरबी शब्दावरून आला आणि पुढे तेथील कृष्णवर्णीयांना हिणविण्याची शिवीच झाला. शास्त्राचा नियम असा की, प्रथम प्रसिद्ध झालेले नाव सहसा बदलू नये, नाहीतर जगभर गोंधळ माजेल. नियम योग्यच आहे. तरीही जुलै २०२४ मध्ये माद्रिद येथे वनस्पतिशास्त्रज्ञांनी ३५१ विरुद्ध २०५ मतांनी 'काफ्रा'चे 'आफ्रा' केले. दोनशेहून अधिक नावांतून एक अक्षर गेले. आता अर्थ झाला 'आफ्रिकेचे'.

विरोध करणारे सारेच कठोर मनाचे होते, असे मी म्हणणार नाही. आज ही शिवी काढली, उद्या कोणाकोणाची नावे काढाल, ही त्यांची शंका खरी आहे. पण दोन्हींत भेद आहे. क्लाइव्हच्या नातीचे नाव ऐकून राग येईल, हसू येईल. परंतु ते उच्चारताना समोरच्या माणसाचा अपमान होत नाही. 'काफ्रा'ने होत होता, आणि तोही त्याच्याच अंगणातल्या झाडाच्या नावाने. म्हणून क्लिव्हिया राहू द्यावी, मात्र शिकविताना शेजारी 'उमायिमे'ही लिहावे.